मस्कतचा कौल

तुम्ही सगळ्याजणी माझ्या उपासांना हसता, म्हणून हे इतके दिवस सांगितलं नव्हतं. आमची स्नेहल बीएस्सी झाली आणि मस्कतच्या एका लॅबमधली नोकरी चालून आली. इकडे एमएस्सीलाही प्रवेश मिळत होता. नोकरी लावून देणाऱ्या एजंटला त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर हवं होतं. सकाळपासून घरात कुणाला चैन नव्हतं. शेवटी मी देवाच्या मूर्तीला दोन फुलं चिकटवून कौल लावला. उजवं फूल पडलं तर मस्कत, डावं पडलं तर शिक्षण.

साडेचार झाले तरी एकही पडेना. स्नेहलने वाकून पाहिलं.

"आई, डावं फूल पाण्याने लावलंस आणि उजवं गंधाने? तेही एवढं थापून?"

मी गंधाची वाटी मागे सारली.

"मी शिकावं असं वाटतं, तर सरळ सांग की."

"मी सांगितलं तर माझ्यासाठी राहशील गं. देवाने सांगितलं तर मनापासून राहशील."

तेवढ्यात एजंटचा फोन आला. स्नेहल त्याला म्हणाली, "भैया, अभी नहीं. पहले एमएससी करूँगी."

"माझ्यासाठी?" मी विचारलं.

"नाही. कौल लावल्यापासून मीसुद्धा डाव्या फुलाकडेच बघत होते."

दुसऱ्या दिवशी निर्माल्य काढताना पाण्याने लावलेलं ते डावं फूलही मलाच ओढून काढावं लागलं.