नाही म्हणायचा मणका

शहाद्याला हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर आई, बाप आणि नर्सिंगला शिकणारी मुलगी बसली होती. मान बापाची धरली होती, एक्स-रे मुलीच्या हातात होता.

“पप्पा, मानमा सात मणका ऱ्हातस. पहिलावर डोकं ‘हो’ करस, दुसरावर ‘नही’. तुमना दुसरा लचकी गया.”

“लचकीच ना वं काजल!” आई म्हणाली. “ तू चंदनसंगे लगीननं बोलनी, तैपाईन हाऊ माणूस मुंडी आडवीच हलाडी ऱ्हायना.”

“तू गप बैस. पोरी, डॉक्टर काय बोलना?”

“मानले पट्टा. महिनाभर ‘नही’ करानं नही.”

“आनि ‘हो’?”

“ते बी नही.”

“मंग चंदनले नही कसं सांगू?”

“गप ऱ्हावानं.”

“गप ऱ्हायनात म्हणजे आम्ही हो समजसूत,” आई मध्येच म्हणाली.

“हाई डॉक्टर बोलना?”

“मी बोलनी. घरमा डॉक्टर मीच शे.”

बापानं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ त्यात स्वतःला शोधलं.

“काजल, वाकाना मणका कोठे शे?”

“कमरमा. पाच शेतस.”

“तठे बी पट्टा बांध. लगीनमा चंदनना बापपुढे मी वाकणार नही.”