घरात खणलेले चार खड्डे

कापसाच्या जिनिंग कारखान्याला कुलूप लागले त्या वर्षी, यवतमाळच्या एका पोलीस ठाण्याबाहेर घरमालक आणि त्यांचा भाडेकरू एकाच बाकावर बसून आत बोलावण्याची वाट पाहत होते. घरमालकांचा आवाज एकदाही चढला नाही, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल.

"धर्मपाल, खोलीत चार खड्डे कायले खणले?"

"कामाच्या टेबलाचे पाय गाडाले, नीळकंठराव. पाय गाडले का ठोकताना टेबल हालत नाही, अन् खर्चही वाचते. जिनिंग बंद झाली, आता घरीच पंप दुरुस्त करीन म्हणतो."

"टेबल जमिनीवर उभं राहते. गाडलेलं असते ते धन."

"पाय बाभळीचे हायेत. वर जिनिंगचं जुनं दार ठोकलं. येऊन पाहा ना."

"दार लावून कोण खणते?"

"धूळ तुमच्या वाळवणावर जाते म्हणून तुम्हीच लावाले सांगतलं."

"ते असू दे. गुप्तधन निघालं तर घर माझं, धनही माझं."

"चारही पाय उपटून दाखवतो. काहीच नाही निघालं तर?"

"तर चांगली जमीन फुकट उकरणारा भाडेकरू मले नको."