एकाच्या बदल्यात एक

मानपाड्याच्या बसस्टॉपवर हेमांगीच्या पुढे दोन प्राध्यापिका उभ्या होत्या.

“मैथिली, तुझं परदेशात शिकवायला जायचं रद्दच ना?”

“हो गं. तिथे युद्ध पेटलंय, कॉलेज कसं पाठवेल?”

“आणि तिकडून आपल्याकडे शिकवायला आलेल्या इरिना मॅडम?”

“रविवारी परत जातायत. प्राचार्य म्हणाले, करार एकाच्या बदल्यात एक असा आहे. आपलं कोणी जात नाही, मग त्यांना इथे कसं ठेवायचं?”

“अगं, पण तिथे बॉम्ब पडतायत!”

“तेच म्हणाले मी. प्राचार्यांनी कराराची फाईल पुढे केली.”

“आणि मॅडम?”

“उरलेले पेपर तपासून दिले आणि विचारलं, इथे जाड स्वेटर कुठे मिळेल? तिकडे वीज नाहीये.”

हेमांगीच्या तोंडून निघून गेलं, “कल्याणला मिळेल.”

दोघींनी वळून पाहिलं. मैथिलीने दुकानाचं नाव लिहून घ्यायला पेन काढलं.