फुगलेली पिशवी

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या काउंटीच्या कृषी कार्यालयात माती तपासून मिळते. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. त्यांनी आणलेली मातीची प्लास्टिकची पिशवी उशीसारखी टम्म फुगली होती.

“आर्लो, ही फुगली कशानं?”

“हवेनं.”

“आणि हिला माझ्या लोणच्याचा वास का येतोय?”

“हे बघ डेल्फीन, ब्लूबेरीला आंबट माती लागते. सामू, म्हणजे पीएच, पाचच्या आसपास हवा, आपला गेल्या वर्षी साडेसात आला. म्हणून तुझं थोडं व्हिनेगर घातलं.”

“वाफ्यात?”

“तीस फुटांच्या वाफ्यात? वेड लागलंय का मला? पिशवीत घातलं. तपासतात तर पिशवीच!”

“अरे, माती आंबट करायला गंधक घालून वर्षभर थांबतात लोक!”

“तू थांबू देशील? यंदा नापास झालो, तर वाफ्यात काकड्या लावणार म्हणालीस.”

“लावणारच! तुझी रोपं लाव त्या पिशवीत!”

खिडकीतल्या बाईंनी पिशवी उघडली. फुस्स झालं.

“काका, तुमच्या मातीत भरपूर चुनखडी आहे. आंबट पडलं की ती फसफसते. तिच्यापुढे गंधकाचंही काही चालत नाही. काकू म्हणतात तेच करा.”

“म्हणजे काकड्या?”

“म्हणजे पिशवी. चांगली मोठी घ्या, विकतची आंबट माती भरा आणि तिच्यात ब्लूबेरी लावा. इथे सगळे तेच करतात.”

“डेल्फीन, काय डोकं आहे गं तुझं!”

“मी चिडून बोलले होते.”

“मग रोज चिडत जा.”

“आधी माझं व्हिनेगर आणून दे. वाफाभर काकड्यांचं लोणचं घालायचंय.”