जोडी घेऊन थांबू नये

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आमच्या कापसाच्या जिनिंगचे तीस वर्षांपासूनचे हजेरी मुकादम माननीय मारोतरावदादा. प्रमुख पाहुणे मॅनेजर पियुषसाहेब. जिच्यासाठी हा मंडप घातला ती माझी रामीबाई. तिचे घरधनी रूपसिंगभाऊ. आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या सगळ्या कामकरी बहिणी व त्यांची लेकरंबाळं, सर्वांना कोकिळाचा नमस्कार.

माझी शाळा चौथीपर्यंत. हे भाषण मी लिहिलं आणि माझ्या लेकीनं, निकितानं, दुरुस्त केलं. तिनं माझ्या ‘मले’चं ‘मला’ करून टाकलं आहे. सुरुवातीला ‘काळाच्या ओघात’ असंही काहीतरी घातलं होतं, ते मी खोडलं. मुद्द्यावर येते.

निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगतात. रामीबाईचा पहिला गुण म्हणजे ती पत्ते फार चांगले खेळते. हसू नका. पियुषसाहेब, तुम्हाला हे आज कळतं आहे, पण दुपारच्या सुटीत सरकीच्या शेडमागं आम्ही अकरा वर्षांपासून तीन पानी खेळतो. पैशावर नाही, चिंचोक्यांवर.

नियम रामीबाईचे. एका चालीला एक नाहीतर दोन चिंचोके, त्याच्यावर एकही नाही. म्हणजे मोठा ढीग लोटून कोणाला धाकानं उठवता येत नाही. जिला राहायचं ती थोडक्यात राहते. आणि दोन फेऱ्या झाल्या की जिला हवं तिनं एक पान टाकून नवीन घ्यायचं. हा नियम मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही. तिच्या तांड्यावरचा असेल, नाहीतर तिनंच काढला असेल. विचारलं तर सांगत नाही.

मी उतावळी. चांगली पानं आली की लगेच दोन, दोन, दोन. सगळ्या पॅक करून, म्हणजे पानं टाकून, भाकरी सोडायला लागायच्या. रामीबाईचं उलटं. एकदा तिच्याजवळ तीन राण्या होत्या. ती काय करत होती? जांभया देत होती. ‘माह्या पानात काही दम नाही वं,’ म्हणत एकेक चिंचोका टाकत होती. आमच्यातली बबिता फुशारली, मी फुशारले, दोन-दोन टाकत गेलो. शेवटी तिनं राण्या मांडल्या तेव्हा माझ्या पदरात एक चिंचोका उरला नव्हता.

मी शिकले. म्हणजे मला वाटलं, शिकले. पुढच्याच आठवड्यात मला दोन एक्के आले आणि मी गप्प बसले. मीही जांभया दिल्या. बबिताजवळ दोन सत्त्या होत्या. ती स्वस्तात टिकली, तिनं एक पान बदललं आणि तिसरी सत्ती आली. मी मेले. रामीबाई हसली नाही, चिडली.

‘काहून थांबली वं?’

‘तूच तं थांबत असतं.’

‘मी तीन राण्या घेऊन थांबली होती. माह्यावर कोणाचं काय येणार होतं? जोडीवर कोणाचंही येते. जोडी असली का पह्यल्याच फेरीत दोन-दोन टाकून बाया कमी करा लागते. फुकटात पान बदलू देशीन तं मरशीन.’

हे मला पाठ आहे. पाठ असून उपयोग काय झाला, ते सांगते.

गेल्या दिवाळीत सीझन सुरू झाला तेव्हा शेडच्या नालीवरचं झाकण सडून निघालं. नालीत लोखंडी स्क्रू फिरतो, तो सरकी ओढून नेतो. आम्ही काठावर उभं राहून सरकी लोटतो. साहेबांना सांगितलं. ‘ऑर्डर दिली आहे,’ म्हणाले. सगळ्या जणी म्हणाल्या, झाकण बसेपर्यंत आत जायचं नाही, बाहेर बसून राहायचं. मी म्हटलं, थांबा. आमच्यात तोंड माझं मोठं, म्हणून माझं ऐकतात.

मला काय वाटलं होतं? दिवाळीत आवार रिकामं असतं. तेव्हा बसलो तर साहेब म्हणतील, जा घरी. संक्रांतीला कापसाच्या गाड्या रोडपर्यंत लागतात. तेव्हा बसलो तर तासाभरात हात जोडतील. आणि नुसतं झाकणच कशाला मागायचं? यंत्राच्या पट्ट्यांना जाळ्या मागू, बायकांच्या संडासाला दार मागू. मधला ढीग मोठा होऊ देऊ. तोवर गरिबासारखं राहू, जांभया देऊ.

रामीबाई म्हणाली, ‘कोके, ह्या तीन राण्या नाही. ही जोडी हाय. आजच बस.’

मी म्हटलं, ‘म्हातारी झाली तू. भेतं.’

‘भेतो ना. तो स्क्रू काय आपली पानं पाहून फिरते?’

बबिता हसली. मी पण हसले. आयुष्यात एकदाच धीर धरला, आणि तो नको तिथं धरला.

संक्रांतीच्या चार दिवस आधीचा शुक्रवार. सकाळचे साडेदहा. गाड्या रोडपर्यंत लागल्या होत्या. सोमवारी बसायचं ठरलं होतं. मी मनातल्या मनात साहेबांशी बोलूनही पाहत होते, कसं मागायचं, किती मागायचं. रामीबाईचा पाय सरकीवरून घसरला. तोल सावरायला तिनं उजवा हात खाली टेकवला. खाली जमीन नव्हती.

मारोतरावदादा, तुम्ही धावत जाऊन बटन बंद केलं नसतं तर आजचा मंडप वेगळ्या कामाचा असता. त्याबद्दल तुमचे आभार मी आत्ताच मानून घेते, शेवटी राहून जाईल. बाकीचं सांगत नाही. लेकरं बसली आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाकण बसलं. एक वेल्डर, एक पत्रा, दोन तास. आम्हाला बसावं लागलं नाही.

पियुषसाहेब, तुम्ही आताच्या भाषणात ‘दुर्दैवी घटना’ म्हणालात. दैवाला कशाला मध्ये ओढता? दैव त्या दिवशी कामावर नव्हतं. ऑर्डर तुमच्या हातात होती आणि वेळ माझ्या हातात होती. तुम्ही ऑर्डर दाबून ठेवली, मी वेळ दाबून ठेवली. कमीजास्त कोणाचं, ते मोजून काय करायचं?

मघाशी शाल-श्रीफळ झालं. नारळ दोन हातांनी घेतात. रामीबाईनं सवयीनं दोन्ही पुढं केले. पाहिलं ना सगळ्यांनी? टाळ्या वाजवत होतो आपण, त्या मध्येच थांबल्या. नारळ रूपसिंगभाऊंनी धरला. जानेवारीपासून ते माझ्याशी एवढंच बोलतात: ‘बसा, चहा घ्या.’ शिव्या दिल्या असत्या तर मला घरी जाऊन झोप आली असती.

दवाखान्यात मी गेले तेव्हा रामीबाईनं पहिलं काय विचारलं? ‘पत्ते आणले का?’ होते माझ्या पिशवीत. मी तीन पानं वाटली. तिनं डाव्या हातात धरली. मग त्यातलं एक पान काढायचं म्हटलं तर काढायला हात नाही. तिनं तिन्ही पानं घोंगडीवर उताणी टाकली.

‘घे. आता लपवून खेळता येत नाही. माहं सगळं उघडंच.’

अठ्ठी, गुलाम, दुर्री. काहीच नव्हतं. माझ्याजवळ जोडी होती. मी पॅक केलं. तर तिनं मलाच झापलं, ‘जोडी घेऊन पॅक करतं? एवढं शिकवलं, वाया गेलं.’

वायाच गेलं, रामीबाई.

आता सीझन संपला आहे. कापसाच्या गंज्या संपल्या, आवारात कुत्री झोपतात. बबिता मला काल म्हणाली, ‘पट्ट्यांच्या जाळ्यांचं दिवाळीत पाहू. आत्ता बसलो तं कोण इचारते आपल्याले?’ तिचं खरं आहे. कोणी विचारणार नाही. आज माझ्या हातात जोडी सोडा, एक चांगलं पान नाही. तरी साहेब, सगळ्यांसमोर सांगते, पट्ट्यांना जाळ्या बसेपर्यंत कोकिळा शेडमध्ये पाय ठेवणार नाही. माझ्यामागं कोण येईल? मला माहीत आहे. निम्म्याही येणार नाहीत. खाली पाहू नका गं, मी कोणाला बोल लावत नाही. एका बाईला घरी बसवणं सोपं असतं. बसवा. मी काही जिंकायला बोलत नाही. हात परत येत नाही, आणि ती दिवाळीही परत येत नाही.

रामीबाईचे आणखी गुण निकितानं लिहून दिले होते. कष्टाळू, प्रेमळ, हसतमुख. सगळे खरे आहेत. ते तुम्हीच समजून घ्या, माझ्यानं वाचवत नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, शामनं मंडप उधारीत घातला, जमनीनं सगळ्यांचा चहा केला, त्यांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कोणाचा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. तेवढीच माफी मी मागते.

दुसरी जी आहे ती रामीबाईजवळ मागत नाही. मागितली तर ती पहिल्याच फेरीत देऊन टाकेल. तिची पानं उघडी आहेत, मला इथून दिसतात. माफी घ्यायला माझा हात पुढं होत नाही.

नमस्कार.