दुसरी मेणबत्ती

१९४४ चा हिवाळा, अ‍ॅमस्टरडॅम. शुक्रवारी दुपारी सूपच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी कुजबुजत होत्या.

“योरिसच्या आईनं पाहिलं?”

“पाहिलं ना, ताई. गेल्या शुक्रवारी तिनं मेणबत्ती पेटवली आणि माझे हात आपोआप डोळ्यांवर गेले. आपली आई दर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मेणबत्त्या लावून डोळे झाकायची, अगदी तसे.”

“शाब्बास! नाव बदललं, केस रंगवले आणि शेवटी हातांनी घात केला. तू ज्यू आहेस हे न कळायला ती काय दूधखुळी आहे?”

“योरिसनं तिला सांगितलंय, मी त्याची होणारी बायको आहे म्हणून.”

“आणि तिचा भाऊ जर्मनांपुढे शेपूट हलवतो, त्याचं काय? तुला न्यायला आले तर योरिस आडवा येणारेय?”

“येईल.”

“म्हणजे तोही मरेल. हार्लेमला तुझी लपायची सोय केलीय मी. आत्ताच्या आत्ता निघ.”

“ती काय म्हणाली, ते तरी विचार.”

“काय म्हणाली?”

“काहीच नाही. आठवडाभर अवाक्षर नाही. आज सकाळी मात्र टेबलावर मेणबत्त्या मांडून ठेवल्या.”

“मेणबत्त्या? हल्ली औषधालासुद्धा मिळत नाहीत.”

“लग्नातले चांदीचे चमचे देऊन आणल्या.”

“किती?”

“दोन. आई लावायची तेवढ्याच.”

रांग पुढे सरकली. थोरली जागची हलली नाही.

“ताई, सूप घ्यायचंय ना?”

“मी घेते. भांडं दे इकडे. तू दिवस मावळायच्या आत घरी पोच.”