शनिवारच्या डावाची जागा

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन वयस्कर मित्र नंबरची वाट बघत होते.

“शनिवारचा कॅरमचा डाव आता वकिलाकडे? इतकी वर्षं माझ्या घरी खेळलात ना?”

“त्याची खोली मोठी आहे.”

“खोलीचं सोड. माझ्यामागे काय शिजलं?”

“खरं सांगू? एक लाल सोंगटी हरवली, तर तू आमचे खिसे तपासलेस. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं रे.”

“चोराच्या मनात चांदणं!”

“अरे, सोंगटी परवाच सापडली. तुझ्या सुनेला, सोफ्याखाली, झाडताना.”

“आणि तिने मला सोडून तुला सांगितलं?”

“तुझा स्वभाव ओळखते ती.”



“सोफा मी स्वतः सरकवून पाहिला होता. मग सोंगटी तिथे ठेवली कोणी?”